पावाचा कागद

पहिल्या दिवशी एलिस्बारनं पोस्टर आणलं:
सुजलेला डोळा, फुटलेला ओठ,
लाल शाई इतकी की अजून ओली वाटावी.
वर्गानं माना डोलावल्या.
मी विचारलं, हा डोळा कुणाचा?
कुणाचाच नाही बाई, इंटरनेटवरचा.
मग काढून टाक, म्हटलं.
जिला मार बसतो ती अशी दिसत नाही.
ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालते
आणि जिन्यात भेटली की आपल्याआधी हसते.

कुताइसीत फेब्रुवारी म्हणजे नुसता चिखल.
वर्गातला हीटर एकाच बाजूनं तापतो,
म्हणून सगळे डावीकडे दाटीवाटीनं
आणि उजवीकडे एकटी पिक्रिया, अंगातला कोट न काढता.

आठवडाभर शब्दांशी झटापट.
‘बिचारी’ खोडलं. ‘पीडित’ही खोडलं.
‘आवाज उठवा’ असं ठळक अक्षरांत होतं,
ते मी खोडलं.
कुणाला सांगताय आवाज उठवायला?
जी कडी लावतानासुद्धा कडीचा आवाज होऊ देत नाही, तिला?
(माझ्या खालच्या मजल्यावर एकदा खुर्ची फरफटली होती,
मग काहीतरी मऊ आदळलं भिंतीवर.
मी रेडिओ मोठा केला.
हे मी वर्गात सांगितलं नाही.)

शेवटी उरला एक नंबर आणि एक ओळ:
नुसतं ऐकून घेऊ, बाकी तुम्ही म्हणाल तसं.

त्सोत्नेची मावशी भट्टीवर पाव भाजते,
होडीसारखे लांबट, टोकाला करपलेले.
तो म्हणाला, पाव गुंडाळायच्या कागदावरच छापू!
पाव जात नाही असं घर आहे का या गावात?
टाळ्या. माझ्याही.
तीन हजार कागद छापून आले,
आणि खरं सांगायचं तर डीनसाहेब काय म्हणतील
ते मी मनात ऐकायलाही लागले होते.

पिक्रियानं हात वर केला नाही.
बाकावरच्या रेघेकडे बघत म्हणाली,
आमच्याकडे पाव बाबा आणतात.
मग, थोड्या वेळानं:
कागदही तेच उलगडतात.

हीटर टिकटिकत राहिला.
कुणी वळून पाहिलं नाही तिच्याकडे,
मी त्यांना शिकवलेल्यातलं एवढंच त्यांना नीट आलं असेल.
त्सोत्नेनं पायानं कागदांचा गठ्ठा
हळूच बाकाखाली सरकवला.

अशा वेळी काय बोलावं यावर
मी बावीस वर्षं व्याख्यानं देते आहे,
पोलिसांना, पाद्र्यांना, एकदा तर न्यायाधीशांना.
त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.
परक्या गावात रस्ता विचारावा तसं विचारलं:
मग कुठे, पिक्रिया?

तिला गाव माहीत होतं
जसा चोराला कुरकुरणारा जिना माहीत असतो.
दवाखान्यात बाळांचं वजन करतात तिथे, म्हणाली,
पुरुष बाहेर सिगारेट ओढत थांबतात.
आणि लामारामावशीच्या पार्लरमध्ये.
आरशावर नको, आरसा खुर्चीत बसलेल्यालाही दिसतो.
केस धुताना मान मागे टाकतात ना,
तेव्हा फक्त छत दिसतं.
छतावर लावा.

तर शनिवारी मी, वय चौपन्न, स्टुलावर,
चार पोरं स्टूल धरून,
एलिस्बार खालून चिकटपट्टी तोडून देतोय,
लामारा ओरडतेय, रंग उडाला तर भरून द्याल!
वर कुठली बाजू आणि खाली कुठली
तेच कळेना.
पिक्रिया खुर्चीत आडवी झाली, मान बेसिनच्या खाचेत.
उलटं लागलंय, म्हणाली.
अजून थोडं डावीकडे. हं.

लागलं. आम्ही उतरलो, आवराआवर केली.
ती तशीच पडून होती छताकडे बघत,
ओठ जरासे हलत होते.
पट्टी सरळ आहे का बघत असेल,
किंवा आकडे पाठ करत असेल.
मी विचारलं नाही.
लामारानं गरम पाण्याचा नळ सोडला,
म्हणाली, आता आलीच आहेस तर धुऊन देते.

ते तीन हजार कागद माझ्या टेबलाखाली आहेत.
पाठकोरे, म्हणून आम्ही त्यावर टिपणं काढतो.
शाई स्वस्तातली होती.
उजेडाला धरला की नंबर आरपार दिसतो,
उलटा, पण वाचता येतो.