क्रियापदाचं टोक

तार्तूतला फेब्रुवारी:
खिडकीबाहेर उणे एकोणीस, फ्रीजरच्या आत उणे ऐंशी.
मधल्या खोलीत ऊर्वे पिहलाक
लोकरीचे मोजे घालून
जिवाणूंना रस्सा पाजते.

काल संध्याकाळी तिने त्यांच्यात एक परका जनुक सोडला,
माणसाचा, वाय गुणसूत्राच्या शेंड्याजवळचा.
रात्रभर ते फ्लास्कमध्ये गरगरले.
ज्यांच्यात नर नाही, मादी नाही,
वाढायचं तर मधोमध दुभंगायचं एवढंच ज्यांना ठाऊक,
त्यांनी नर घडवणारं प्रथिन
निमूट विणून दिलं.
दोनशे चार टाके,
आणि शेपटाला सहा जास्तीचे, पकडायला बरे म्हणून.

सकाळी त्यांना फोडलं.
खोलीभर ओल्या पोत्याचा वास.
निकेलचा फिकट निळा स्तंभ, करंगळीएवढा;
बाकी सगळं धुऊन गेलं, हे तेवढं चिकटून राहिलं.
मग त्यालाही सोडवलं.
सतरा नळ्या. प्रत्येकीत
चहाच्या चमच्याचा शंभरावा हिस्सा.
वर चिठ्ठी: केवळ संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.

"करतं काय हे?" तानेल विचारतो. नवा आहे, अजून हातमोजे उलटे घालतो.
"वाकवतं."
ती टिपकागदाची पट्टी घेते, काटकोनाला थोडी कमी अशी मोडते.
"डीएनएवर एका जागी बसतं, तो असा वाकवतं, उठून जातं.
उंदरात साडेअकराव्या दिवशी, काही तासच.
तेवढ्यात वाकलं तर वाकलं."
"आणि नाही वाकलं तर?"
ऊर्वे पिपेटचं टोक बदलते.
"तर पुढचं चालूच राहतं. दुसऱ्या वाटेनं."

एक्क्याऐंशी साली, सोळाव्या वर्षी,
दवाखान्याच्या बोळात तिची आई मफलर मुठीत धरून उभी होती.
डॉक्टर रशियन बोलत होता.
रशियन भूतकाळाला लिंग असतं, आपल्यासारखंच:
जन्मला, जन्मली.
तो वाक्य सुरू करी, क्रियापदाच्या टोकाशी येई
आणि थांबे,
अंधारात जिना संपला की पाय थांबतो तसा.
शेवटी त्याने सगळं वर्तमानकाळात सांगितलं.

घरी परतताना दोघी नदीवरून चालत आल्या,
पूल लांब पडतो म्हणून. बर्फ जाड होता.
एमायॉगी: नावातच आई असलेली नदी.
दारात शेजारीण. आई म्हणाली, ता बरी आहे.
नाही, चुकलं. आई म्हणाली, ता ठीक आहे.
ता म्हणजे तो. ता म्हणजे ती.
एस्टोनियन माणूस आयुष्यभर एकाच अक्षरावर भागवतो.

मला मात्र हे मराठीत लिहायचं होतं.
पहिल्याच वाक्यात ठरवावं लागलं: पाजते.
प्रथिनाची सोय होती, ते नपुंसकलिंगी.
तिचं काय, म्हणून तिलाच विचारलं.
"तीच लिही," म्हणाली. "साठ वर्षं मी तीच आहे.
घाई व्याकरणाला असते."

दुपारी दोन रकाने चालवले.
पहिल्यात धडधाकट प्रथिन,
दुसऱ्यात एक अक्षर बदललेलं.
पहिल्याची पट्टी वर अडकून बसली.
दुसऱ्यातला डीएनए मोकळाच खाली वाहत गेला,
त्याला कुणी धरलंच नव्हतं.

"दुसरं फुकट गेलं," तानेल म्हणाला.
ऊर्वे बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली.
कुठलं अक्षर, ते वहीत पाहण्याची तिला गरज नव्हती.
"फुकट लिहू नकोस.
वाकलं नाही, एवढंच लिही."

मग सतरा नळ्या तिने फ्रीजरात ठेवल्या,
दार दोनदा ढकलून पाहिलं.
ते कधीकधी लागत नाही.