तिसरा मजला

रुवीतल्या ऑफिसात, रविवारी सकाळी,
माझ्या टेबलावर अकरा फाइली.
त्यातल्या सात जणांनी एकाच वर्षी
एकाच डॉक्टरच्या हाताखाली
रक्तदाबाच्या एकाच गोळीची चाचणी सांभाळली,
आणि सातांच्याही अनुभवपत्रात
'सिन्सिअर'चं स्पेलिंग
तसंच, त्याच जागी चुकलंय.

माझं काम सोपं. फोन लावायचा.
पलीकडून कुणी भारदस्त आवाजात
"एचआर बोलतोय" म्हणतं
आणि मागे कुकरची शिट्टी होते.
मी रकान्यात लिहिते:
खातरजमा झाली नाही.

आठवी फाइल तुषार काळपांडेची.
कागदामागे तीन शहरांचे शिक्के,
शिक्के खरे, शाई खरी.
पत्ता: संजीवन रिसर्च, गोदावरी आर्केड,
तिसरा मजला, अकोला.

त्या गोदावरीत मी दहावीचं गणित शिकले.
खाली झेरॉक्स, पहिल्यावर सरांचा क्लास,
दुसऱ्यावर कुलूप लावलेली पतपेढी,
मग गच्ची, गच्चीवर काळी टाकी.
आयुष्यात फार गोष्टी मी शपथेवर सांगू शकत नाही.
ही सांगू शकते.

"ऑफिस कसं होतं?" मी विचारलं.
"लिफ्ट कायम बंद असायची, मॅडम."
किती मन लावून
बंद ठेवली होती त्याने ती लिफ्ट!
"खिडकीतून काय दिसायचं?"
"कडुनिंब. शाळा सुटली की रिक्षा."
कडुनिंब आहे. शाळाही आहे.
क्षणभर मलाच वाटलं,
आम्ही गाव सोडल्यावर
चढवला असेल कुणी मजला,
कुणाला न सांगता.

मग मी सगळ्यांना दाखवते ते पान काढलं:
रुग्णाची डायरी, तीस दिवस,
रोज एकशे अठरा, खाली शहात्तर.
"काय दिसतं?"
आधीचे सातही म्हणाले होते,
गोळी छान लागू पडली.

हा गप्प.
टायच्या गाठीला हात लावला,
ती दुकानातूनच बांधून आलेली असावी.
मी "बरं" म्हणाले, त्यावरून ओळखलं असेल,
एकदम मराठीत आला.

"एका रात्रीत भरलीय ही.
बघा ना, पेन एकच, अक्षर कुठेच घाईत नाही.
दुसऱ्या दिवशी तपासणीची तारीख असते.
मशीनचा सेल महिन्यापूर्वीच गेलेला असतो.
आईला येण्याजाण्याचे तीनशे मिळायचे,
डायरी कोरी दिसली तर नाव कापतील, असं वाटलं.
मी अकरावीला होतो."

एसीचं पाणी बाहेर बादलीत पडत होतं.
मी विचारायला नको होतं, तरी विचारलं:
"त्या गोळीचं काय झालं?"
"आली की बाजारात. पांढरी, मधे रेघ."
आईचं मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

माझ्या नवऱ्याच्या उशाशी एक पाकीट असतं.
पांढरी, मधे रेघ.
पांढऱ्या गोळ्या जगात पुष्कळ असतात.

खोटी नोंद हाताळून ओळखणारा
अकरांत तो एकटाच निघाला.
त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.
जिथे आहे तिथे मी लिहिलं:
खातरजमा झाली नाही.
काचेतून पाहिलं, तर खाली
काळा कोट हातावर टाकून
फाइल डोक्यावर धरून
तो रस्ता ओलांडत होता,
सिग्नल नसलेल्या जागी.

दुपारी भावाला फोन लावला.
"गोदावरीवर तिसरा मजला झालाय का रे?"
"कुठला! टाकीच गळतेय अजून.
का गं? घ्यायचाय?"