तांबडी रेघ

निपाणीत, तंबाखूच्या वखारीसमोर
अनगोळकरांचं मेडिकल.
पाटी कानडी, उधारी मराठी.

"कोल्हापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी इथं कशी चालायची?"
मालक दर तिसऱ्या आठवड्याला विचारतात
आणि देतात.

खोक्यावर तांबडी रेघ:
चिठ्ठीशिवाय विकू नये.
रजिस्टरात तारीख, बॅच नंबर, पेशंटचं नाव.
नावापाशी त्यांचं पेन थबकतं.
चिठ्ठीत रेणुका,
समोर मी, ओठावर कोवळी मिशी.

आज रजिस्टर त्यांनी माझ्याकडंच फिरवलं.
"तूच लिही की."

लिहिलं, परशराम.
रेणुकेचा पोरगा म्हणा हवं तर.

शाई वाळेपर्यंत ते गप्प.
मग सुई वेगळ्या पुडीत बांधली.

"इन्स्पेक्टर आला तर?"

"येऊ दे. कानडीत समजावीन."