नऊ नंबरचा कोळसा

जॉब कार्डावर लिहिलेलं : शेगडी, बैठकीची खोली.
म्हटलं ऑफिसात चुकलं असेल, किचन म्हणायचं असेल.
माहीम, तिसरा मजला, ऑक्टोबरची दुपार, शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि डॉक्टर कुमुदिनी टिपणीस लाकडी खोक्यावर बसून
माझी वाट बघत.
खोक्यात हडर्सफील्डची आग.

‘पस्तीस वर्षं हिच्यासमोर बसून पेशंटांच्या फायली लिहिल्या.
घर विकलं, गाडी विकली. ही नाही विकवली.’

भिंतीला भोक पाडायची परवानगी
सेक्रेटरीने चार महिने दिली नाही.
पाचव्या महिन्यात त्याच्या आईचा गुडघा
डॉक्टरांनी फुकट बघितला.

धुराचा पाइप बाहेर काढला, तोंडाला जाळी बसवली,
नाहीतर आठ दिवसांत कबुतर त्यात संसार थाटतं.
सांध्यांना साबणाचा फेस. एक बुडबुडा फुगला.
नट पाव आटा आवळला. पुन्हा फेस. आता गप्प.
मग कोळसे.

चौदा. प्रत्येकाच्या पोटाखाली नंबर.
नकाशात आहे तसाच रचायचा, आपली अक्कल लावायची नाही.
एक जरी सरकला तर ज्योत अडते, काजळी धरते
आणि वास नसलेला वायू
झोपलेल्या माणसाच्या उशाशी येऊन बसतो.
हे मी सगळ्यांनाच सांगतो.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पहिला उचलला. पावाइतका हलका.
हात काळे झाले नाहीत.

माझी आई वडाळ्याच्या यार्डात कोळसा वेचायची.
एकेक तुकडा कानाशी धरून नखाने टिचकी मारायची :
खण् वाजला तर विकायला,
भद् वाजला तर घरच्या चुलीला.
आम्ही सगळे भद् कोळशावर वाढलो.

नऊ नंबर प्रवासात दुभंगलेला.
‘फेविकॉल?’ ‘नाही.’
‘एक खरा कोळसा आणून ठेवला तर?’
‘डॉक्टर, तुम्ही पेशंटला असं करू दिलं असतं?’
त्या हसल्या. तिकडून नवा मागवला.
सहा आठवडे आग बसून राहिली, तेरा कोळशांची, थंड.

नवा आला तेव्हा डिसेंबर. एसी अठरावर ठेवला,
खांद्यावर शाल घेतली, मला म्हणाल्या, लाव.
आधी पायलट, निळा, करंगळीच्या नखाएवढा.
मग सगळं पेटलं.
मी वरच्या कडेशी उदबत्ती धरली :
धूर आत ओढला जातोय की खोलीत परततोय.
आत गेला. सगळा आत गेला.
डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर एकही फाइल नव्हती,
तरी पेन धरावं तशी बोटं धरलेली.
खाली कोणीतरी शहाळं फोडत होतं.

तुटका नऊ मी घरी आणला.
आईने सवयीने कानाशी नेला, टिचकी मारली,
पुन्हा मारली.
‘हा कधी जळलाच नाही की रे विश्राम.’
फुटल्या बाजूने तो आतून पांढरा.
तिने दाराच्या पत्र्यावर ओढून बघितला, रेघ उमटली,
तशी तिने दुधाचा हिशोबच मांडला :
सात तारखेपर्यंत तीन लिटर.
मी म्हटलं, टाक तो, त्याची भुकटी छातीला वाईट.
‘माझ्या छातीला कोळशाचं सांगतोस?’

तरी मी तो काढून घेतला, पिशवीत बांधून ठेवला.

यंदा सर्व्हिसिंगला गेलो.
जेट साफ केला, पायलटवरची धूळ फुंकली,
जाळीवर दोन काड्या आणि एक पीस, म्हणजे प्रयत्न झाला होता.
कोळसे एकेक उतरवून ब्रशने झटकले, नंबराने परत रचले.
तेरा राखाडी पडलेत कडांना.
नऊ अजून काळाकुळीत, परका दिसतो.
‘मुरेल,’ डॉक्टर म्हणाल्या,
आणि एसी लावायला उठल्या.