गेणसू

दर हिश्श्यामागं दहा रुपये, असा माझा दर होता.
फोन माझा, चार्जिंग माझं, पायताणही माझंच.
बेकिनकेरेच्या वरल्या शिवारात उभं राहायचं,
पिकाचा फोटो काढायचा,
कन्नड यादीतून त्याचं नाव निवडायचं
आणि बेंगळूरला धाडून द्यायचं.

भत्त म्हणजे भात. रागी म्हणजे नाचणी.
गेणसू म्हणजे रताळं.
शाळेत कन्नडच्या बाईंनी कान धरून शिकवलेलं
असं दहा-दहा रुपयांनी परत येत होतं.

त्या दिवशी धुकं डोंगरावरून पार बांधापर्यंत आलेलं.
फोन आधी म्हणाला, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
मग म्हणाला, तुम्ही हद्दीबाहेर आहात.
मी दोन पावलं मागं आलो, चार पुढं गेलो.
द्रौपदाक्का कडोलकरच्या बांधावर
निळा ठिपका एकदाचा थांबला
तेव्हा माझं तोंड शेजारच्या वावराकडं होतं.
फोटो काढला. गेणसू दाबलं.
अजून चाळीस हिस्से व्हायचे होते.

माघात तिला मेसेज आला.
चष्मा आणि फोन दोन्ही माझ्या हातात देऊन म्हणाली,
"वाच बघू, कुणाचं काय हाय."
मी वाचलं. अनुदान. पीक गेणसू.
दोन हजार एकशे साठ.

"पर मी तर नाचना केल्ता रे."

आले ना पैसे, गप बस की, मी म्हटलं.
ती गप बसली नाही.
मला घेऊन उचगावच्या रैत संपर्क केंद्रात गेली.
साहेब कन्नडात, ती मराठीत,
मी मधे, दोघांचंही अर्धंच सांगत.
पैसे कमी आले, उशिरा आले, भावाच्या खात्यात गेले,
सगळ्याचे अर्ज होते.
आलेले परत द्यायचा अर्ज कुणी छापलाच नव्हता.
साहेबांनी तिला चहा पाजला
आणि पलीकडच्या टेबलावरच्या दोघांना
तिला बघायला बोलावलं.

बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली,
"सरकारनं लिवून ठेवलंय न्हवं,
माज्या रानात रताळी हाईत म्हणून?
उद्या कोण बघायला आलं तर?"

कोण येणार, मी म्हटलं नाही.
बघायला मीच जातो.

आषाढात तिनं शेजारणीकडून वेलाचं बेणं मागून आणलं.
नाचण्याच्या वरल्या अंगाला चार सऱ्या धरल्या
आणि सरकारचं पीक लावलं.

भादव्यात पुन्हा मी, पुन्हा तो निळा ठिपका.
यंदा फोनच विचारत होता,
मागच्या सालचंच पीक आहे का?
हौदु किंवा इल्ला.
द्रौपदाक्का माझ्या पाठीमागं कमरेवर हात ठेवून उभी.
"खरं असंल त्ये दाब."
एका हिश्श्याला एकच पीक, अक्का.
"मग फोटू तरी दोनीचा काढ."
मी मागं सरकत गेलो, सरकत गेलो,
दोन्ही मावेपर्यंत.
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.

निम्मी रताळी रानडुकरांनी उकरली.
उरल्यातली पाटीभर थंडीत माझ्या दारात आली,
लाल माती तशीच, न धुतलेली.
वर नाचण्याचं एक कणीस,
मी विसरू नये म्हणून.