आपलंच तुणतुणं

बोटीच्या इंजिनाचे आठशे नव्वद युरो.
पायाशी ठेवायच्या मॉनिटरचे नऊशे वीस.
मे महिन्यापासून दोन्ही आकडे
फ्रीजवर एकाच चुंबकाखाली आहेत.
रायली काही बोलत नाही,
फक्त दूध काढून झालं की
फ्रीजचं दार जरा जोरात लावते.

तळ्याकाठचा आमचा नाचमंडप लाकडी, अष्टकोनी.
दर शनिवारी दोन टँगो, दोन वॉल्ट्झ, मग पुन्हा टँगो.
रात्री अकरालाही उजेड असतो,
त्यामुळे चेहरे लपत नाहीत, चुका मात्र लपतात.
जालमारीची झांज माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर,
एकतीस उन्हाळे.
त्या कानात आता एक डास राहतो.
जानेवारीत, तळं गोठलेलं असतानाही
तो गुणगुणत असतो.

नीलो, आमचा साउंडवाला, वय तेवीस,
म्हणाला, गिटारवाल्याला आधी स्वतःचं ऐकू यायला हवं.
मी म्हणालो, माझे गुरुजी तर
भिंतीला पाठ टेकून वाजवायचे,
भिंत सांगायची त्यांना.
नीलो म्हणाला, मग शेवटी काय झालं त्यांच्या कानांचं?
मी तारा पुसत बसलो.

त्याने एक शनिवार उसना दिला तो डबा.
काळा, तिरका, पाळलेल्या कुत्र्यासारखा
माझ्याकडे तोंड करून बसलेला.

ऐकू आलं.
माझी करंगळी प्रत्येक सुरावटीला
लग्नातल्या रुसलेल्या मामासारखी उशिरा पोचते,
हे ऐकू आलं.
ओळ संपताना मी एक बारीक हुंदका देतो
जो कोणी मागितलेला नाही,
तोही.
वाजवता येईना, स्टेज वाकडं,
असं इतकी वर्षं म्हणता येत होतं.
त्या रात्री स्टेज सरळ होतं.

आणि खरं सांगायचं तर सुखही होतं.
मनगट सैल. झांज दूर, कोणाच्या तरी दुसऱ्या घरातली.
सिर्काचा आवाज, बास, नाचणाऱ्यांचे बूट
सगळं काचेपलीकडे गेलं,
मी माझ्या तुणतुण्यासोबत एकटा
आणि तुणतुणं, बाप रे, किती सुंदर.

मध्यंतरात आर्वी सॉसेजच्या टपरीमागे भेटला.
अकॉर्डियन अजून छातीवर, रुमालात गुंडाळलेलं कानाचं यंत्र;
वाजवताना ते शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवतो.
मोहरी बोटाने चाटत म्हणाला,
तुझा पाय दुखतोय का?
नाही. का?
आज हलला नाही.

मग थोडं थांबून,
कागदी ताटलीकडे बघत:
बारा वर्षं मी तुझ्या उजव्या पायावर वाजवतोय.
मला वाटलं तुला माहीत आहे.

मला माहीत नव्हतं.
मला तर तो पाय हलतो हेच माहीत नव्हतं.
ऐकू येत नसे, म्हणून तो बिचारा
फळीवर ठोकून ठोकून मला शोधत असणार,
आणि मी सापडलो तसा
आज निवांत झाला.

दुसऱ्या सत्रात नीलोला म्हटलं, डबा फिरव.
निम्मा माझ्याकडे, निम्मा आर्वीकडे,
आणि आत त्याचं अकॉर्डियन जास्त घाल.
नीलो म्हणाला, असं कोणी करत नाही.
मग केलं त्याने.
मी पाय मुद्दाम आपटत राहिलो,
मुद्दाम आपटलेला पाय
नेहमीच्या पायाइतका चांगला नसतो,
तरी आर्वी दोनदा हसला. एकदा चुकीच्या जागी.

घरी येताना कानातला डास गप्प होता.
हेही लिहून ठेवतो, हिशेब सरळ असावा.

रविवारी जाळं काढायला आम्ही वल्ही मारत गेलो.
रायली पुढे, मी मागे.
डावं वल्हं किंचित उशिरा पडत होतं,
माझंच.
निम्मे आर्वी देतोय, मी म्हटलं.
ती वळली नाही.
पाठीनेच म्हणाली,
इंजिन असतं तर हे मला ऐकू आलं नसतं,
परत बोल.