यंदा रस्ता गोठला नाही

हेल्वे म्हणाली होती, समुद्र गोठला की येते,
माग घेऊन येते, कायमची.
बोटीत माग हादरतो म्हणे, सांधे खिळखिळे होतात.
मी बरं म्हटलं.
हिऊमाला बोट दिवसातून सहा वेळा येते,
हे आम्हा दोघींना पाठ आहे.

जानेवारीत खाडीवर साय धरली,
एका वाऱ्यात फाटली.
रस्तेखात्याचा ओयार रोज गिरमिट घेऊन जायचा,
भोक पाडून पट्टी घालायचा,
आणि दुकानात मला चार बोटं दाखवायचा.
वीतभर तरी हवा.
पोस्टातली बाई म्हणाली, खोली रिकामी केलीस ना मागासाठी?
बटाटे ठेव तिथे तोवर.
पलीकडून हेल्वेच्या आईचा फोन:
तो लाकडी घोडा ने गं एकदाचा,
मला शिवणयंत्र मांडायचंय.

तीन वर्षांपूर्वी बर्फावरून पहिल्यांदा आलो
तेव्हा हेल्वेनेच शिकवलं:
पट्टा लावायचा नाही.
बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी.
आणि थांबायचं तर मुळीच नाही.
तिचा डावा हात दाराच्या कडीवर.
घरात आली तरी हात तसाच,
जेवताना, झोपेतसुद्धा,
कुठल्यातरी कडीवर.

फेब्रुवारीत मी हे तिला फोनवर सांगितलं.
रागाने नाही, बटाटे सोलता सोलता.
ती गप्प. मग म्हणाली,
तुझा नळ अजून ठिबकतोय.
आणि फोन ठेवला.

मार्चच्या सहा तारखेला, रात्रीच्या बोटीतून उतरली.
बोट लागली होती तिला, ओठ पांढरे.
माग नव्हता. कोटाच्या खिशात एक धोटा,
आणि नळाचं वायसर,
चुकीच्या मापाचं.

पुढच्या आठवड्यात, म्हणाली.
सुटा करून, दोन खेपांत.
सांधे काय, पुन्हा ठोकता येतात.

बंदरापासून घर आठ किलोमीटर,
सबंध डांबरी.
मी किल्ली फिरवली.
ती शेजारी बसली, काही न बोलता पट्टा ओढला.
तो मधेच अडकला, जुनी गाडी.
सैल सोडला,
पुन्हा ओढला.
खट्ट.